नानांचे साडेपाच तास

प्रिय योगराज,

नानांची तब्येत आहे तशीच आहे. उजवा हात अजून उचलता येत नाही. बोलणं 'हो' आणि 'नको' एवढंच, त्यातही 'नको' जास्त. व्यायाम करून घेणारी मोनाली रोज येते आणि त्यांना डाव्या हातात चमचा धरायला लावते. परवा त्यांनी तो तिच्याच अंगावर फेकला, म्हणजे स्वभाव शाबूत आहे.

दिवाळीत तू लॅपटॉपवर उंदराच्या मेंदूचे फोटो दाखवलेस. मुख्य चेतापेशी सोडून त्यांच्या आजूबाजूच्या ताऱ्यासारख्या पेशींचंच तुला कौतुक. रक्त अडलं की चेतापेशींभोवती साचणारं विष त्या शोषून घेतात, आपल्या साठ्यातलं खाणं त्यांना पुरवतात, आणि कडेचा अर्धमेला भाग काही तास तग धरतो, असं तू सांगितलंस. राबायचं यांनी आणि नाव दुसऱ्याचं, म्हणजे या आपल्या घरच्याच सुना, असं मी म्हटलं आणि तू हसलास. 'काही तास' हे शब्द मात्र मी नुसते ऐकून सोडून दिले.

नानांना झटका आला त्या दिवशी कापूस भरायला गाडी यायची होती आणि हे पारोळ्याला गेले होते. सकाळी सहाला नानांचा हात बधिर झाला. "पहिले गाडी भरी ले, मंग देखूत," म्हणाले. ते नेहमीच तसं म्हणायचे. ऐकायचं की नाही हे माझ्याकडे होतं. मग तोंड वाकडं झालं. शेजारच्या सुनंदाबाई म्हणाल्या, अंगावरून वारं गेलं, खिडक्या लाव. बीएस्सी झालेल्या मी खिडक्या लावल्या, गरम तेलाने हात चोळला, वर गोधडी घातली आणि अंगणात जाऊन गाडी भरून घेतली. धरणगावहून जळगावच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते.

तुला फोनवर मी 'साडेदहाला झालं' म्हणाले, ते खोटं होतं. ह्यांनाही तेच सांगितलं. सुनेने सासऱ्याला खोलीत कोंडून कापूस भरला, हे ऐकायची मला भीती वाटली. डॉक्टरांना मात्र खरी वेळ सांगितली होती. म्हणूनच त्यांनी गाठ विरघळवायचं इंजेक्शन दिलं नाही. तेवढ्या उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका होता. वेळेत आणूनही इंजेक्शन दिलं नाही, अशी त्यांच्याविरुद्धची तक्रार घेऊन तू रविवारी ह्यांची सही घ्यायला येतो आहेस. येऊ नकोस असं म्हणत नाही. ये, पण तो कागद फाडून ये. ह्यांना मी आज जेवताना सांगणार आहे. मला फार लाज वाटते, योगराज. नानांना सगळं ठाऊक आहे, आणि अजूनही ते फक्त माझ्याच हातून जेवतात.

तुझीच,
किरणवहिनी