बदली खेळाडू

१ मार्च २००९, रविवार

आलो एकदाचा भिवंडीत! धामणकर नाक्यावर घ्यायला दीपेशची आई, आक्का, स्वतः रिक्षा करून आल्या होत्या. दीपेश आला नाही. गेम सोडवत नव्हता म्हणे. कॉलेजात होता तस्साच आहे, लाडोबा! दीपेश, मनोज आणि मी, कल्याणच्या गेम पार्लरात आम्हा तिघांचाच धिंगाणा असायचा. आता दीपेशच्या वडिलांच्या गोदामात मला नोकरी आणि नारपोलीत त्यांच्याच घरात वरची खोली, तीही फुकट. खोलीत टीव्ही, गेमचा कन्सोल, ब्रॉडबँड, सगळं तयार! खाली पूर्वी त्यांचे कापडाचे लूम होते, तिथे आता दीपेश कन्सोल घेऊन बसलेला असतो. फार वाळलाय. आक्कांनी बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी आग्रह करकरून वाढली. असा मित्र मिळायला नशीब लागतं.

६ मार्च, शुक्रवार

शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद, आम्हालाही सुट्टी. सकाळीच टीव्हीवर दीपेशचं आमंत्रण आलं. एकाच घरात राहून आमंत्रण! हसत ‘जॉइन’ दाबलं, हेडफोन लावला. टीममध्ये सोमा नावाचा कुणी आधीच बसला होता. जुना भिडू आहे, बोलत नाही, असं दीपेश म्हणाला. पण सोमाच्या माइकमधून लूमची खटखट येत होती. सुट्टीच्या दिवशी कोणता शेठ लूम चालवतो, देव जाणे. मग दीपेश म्हणाला, माझं नेट रडतंय, होस्ट तू हो, म्हणजे खेळ तुझ्या मशीनवरून चालेल. झालो. तो तिथल्या तिथे गेममधून निघून गेला. खिडकीतून पाहिलं तर आक्का अंगणात त्याची दृष्ट काढत होत्या आणि तो ढसाढसा रडत होता. मग बाइक काढून जो गेला, तो वळूनही न बघता.

मनोजला फोन करून चिडवलं, मे महिन्यात लग्न आहे तुझं, नंतर बायको घेऊ देणार नाही, आत्ताच कन्सोल घेऊन टाक. घेतो म्हणाला गडी.

१३ मार्च, शुक्रवार

दीपेश परतला नाही. फोन उचलत नाही. गेममधल्या मित्रांच्या यादीतून त्याने मला काढून टाकलंय. काय वाईट केलं मी त्याचं? सोमा मात्र कधीही बघा, हजर.

दुपारी लाइट गेली. पंखा थांबला, टीव्ही चालूच राहिला. खटखटही. वायर उपटली तरी —

१६ मार्च

आक्कांना विचारलं. सांगताना रडत होत्या. सोमा त्यांच्याच लूमवर होता. बदलीचा माणूस उभा केल्याशिवाय कारागिराने लूम सोडायचा नाही, ही इथली रीत. सोमा तापाने फणफणला होता. बदली मिळाला नाही, आक्कांच्या नवऱ्याने त्याला सोडलं नाही, तो लूमपाशीच मेला. अजून तो जागा सोडत नाही. आणि त्याच्या जोडीला जो बसेल, त्यालाही बदली दिल्याशिवाय उठू देत नाही.

दीपेशने बदली दिला. मला.

आक्कांना सगळं ठाऊक होतं. माजा येकच पोर हाय रं बाला, मी तरी काय करू, म्हणाल्या. आणि पुन्हा भाकरी वाढली.

२० मार्च

डाव्या हाताने लिहितोय. उजवा गेमच्या पॅडवरून सुटत नाही.

नाक्यापर्यंत पळालो होतो. रिक्षातही बसलो — डोळे उघडले तर इथेच, खुर्चीत.

आक्का ताट दाराबाहेर ठेवतात. जत्रेच्या बोकडासारखं खाऊ घातलं मला. दीपेश, तू? तू, दीपेश?

यादीत मनोजचं नाव आलंय. कन्सोल घेतला त्याने. माझ्या सांगण्यावरून. एक बटण दाबलं की —

नाही बोलावणार. मी दीपेश नाही.

२७ मार्च, पाडवा

मी बोलावलं नाही. आईशपथ. पण मित्र खेळताना दिसला की न बोलावताही जॉइन होता येतं, हे कसं विसरलो —

कानात मनोजचा आवाज. पाडव्याच्या शुभेच्छा देतोय. तीन आठवडे फोन नाही म्हणून शिव्या घालतोय. तुझं नेट अडकतंय म्हणतो, होस्ट मी होतो —

झाला.

हात सुटला.

सुटला!

त्याला ओरडून सांगायला हवं, निघ म्हणून. सांगतो. आधी दार उघडतं का तेवढं बघतो, मग —