मासळीच्या ट्रकची वायर

अप्पा, तुम्ही जाऊन आता बारा वर्षं होतील, आणि मला तुमच्याशी त्या मासळीच्या ट्रकबद्दल बोलायचं आहे. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरीही बोलायचं आहे.

मिरजोळ्याच्या आपल्या गॅरेजात तुम्ही तीस वर्षं डिझेल पंप आणि नोझल कानाने तपासलेत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर, मूठ कानाला आणि डोळे मिटलेले. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून तुमच्या हाताखाली आले तेव्हा दोन हजार साल उलटून गेलं होतं, कॉम्प्युटरसारखं कंट्रोल युनिट असलेल्या गाड्या यायला लागल्या होत्या. मी हट्टाने अशा गाडीतला दोष वाचणारा स्कॅनर घ्यायला लावला. ड्रायव्हर मंडळी माझ्याकडे बघून तुम्हालाच विचारायची, ही काय करणार? तुम्ही म्हणायचात, मला दिसत नाय ते ही बघणार. मला राग यायचा, त्यांचा आणि थोडा तुमचाही, कारण माझ्या वतीने उत्तर तुम्हाला द्यावं लागायचं.

तो ट्रक मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासळी घेऊन घाट चढायचा. अर्ध्या घाटात इंजिनची ओढ जायची, ड्रायव्हरसमोरचा धोक्याचा दिवा पेटायचा. बर्फ वितळत असताना गाडी अडकली की माल गेलाच. तुम्ही सवयीने पाना घेतलात. चालू इंजिनवर एकेका पाईपचा नट सैल करायचा आणि कुठला सिलिंडर गप्प आहे ते ऐकायचं, ही तुमची जन्माची पद्धत. मी तुमच्या हातातून पाना ओढून घेतला. ‘हात काढा, अप्पा. ही जुनी गाडी नाही.’ या गाडीच्या पाईपातलं डिझेल प्रचंड दाबामुळे कातडी फाडून आत शिरतं, तेव्हा माझं बरोबरच होतं. पण चार ड्रायव्हर बघत उभे होते, आणि तेच हळू आवाजात सांगता आलं असतं. तुम्ही कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसलात आणि चहा मागवलात.

स्कॅनरने प्रेशर सेन्सरचा दोष दाखवला, मी सेन्सर बदलला. तिसऱ्या दिवशी गाडी परत दारात. मी पुन्हा स्कॅनर लावते, पुन्हा तोच दोष. मालक सांगून गेलाय की आज जमलं नाही तर गाडी कोल्हापूरला नेणार आणि पुन्हा इथे आणणार नाही. तुम्ही उठता आणि ड्रायव्हरला विचारता, बर्फाचं पाणी गळतं कुठून? गाडीत माल काय असतो हे विचारल्याशिवाय तुम्ही कुठल्याच गाडीला हात लावायचा नाहीत. मला तो गप्पा मारायचा बहाणा वाटायचा. ड्रायव्हर केबिनच्या मागे बोट दाखवतो. तुम्ही वाकून तिथला वायरींचा जुडगा हलवता आणि इंजिन आचका देतं.

‘अगो, इकडे ये. ही टेप सोड.’

टेपखाली जोडणीच्या पिना खाऱ्या पाण्याने हिरव्या पडल्या होत्या. सेन्सर बिचारा आधीपासून चांगलाच होता, त्याचा निरोप वाटेत बिघडत होता. आपण जोडणी बदलली, वायर वरच्या बाजूने फिरवली, आणि गाडी भरल्या मालासकट घाट चढून आली.

आपण परतलो तेव्हा मालक गॅरेजात येऊन बसला होता. शेवटी शोधलं कोणी, त्याने विचारलं. तुम्ही टायरपाशी हात पुसत उभे होतात.

‘स्कॅनरवर आलं,’ मी म्हटलं.

स्कॅनरला सापडलं नाही हे कळलं तर एका बाईकडे गाडी कोण आणणार, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. तुम्ही हात धुवायला निघून गेलात. घरी जेवताना भातावर कालवण घेत म्हणालात, आता येतील गो तुझ्याकडे गाड्या. आल्याच. लोक स्कॅनरवाल्या बाईंना विचारत यायचे आणि तुम्हाला नमस्कार करून पुढे जायचे. दोन पावसाळ्यांत तुम्ही गॅरेजला येणं सोडलंत. गुडघे दुखतात म्हणालात, मी ते मानून घेतलं. मानणं सोयीचं होतं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणूनच लिहिता येतोय. इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले की मालकाला दिलेलं माझं उत्तर इंजिनच्या आवाजात तुम्हाला ऐकू गेलं नसेल. अप्पा, इंजिन तेव्हा बंद होतं.