ग्रहणासाठी नेलेल्या काळ्या काचा परत मिळण्याबाबत

दिनांक : २० नोव्हेंबर १९९५

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी
(अतिरिक्त कार्यभार : सुरक्षा),
मे. सुवर्णकुंभ टँक फॅब्रिकेटर्स,
अंबरनाथ (पूर्व).

विषय : प्लाझ्मा कटर चालवणारे कामगार श्री. बाळाजी जनू मढवी यांच्या डोळ्यांसाठी काळी काच (निदान एक नग) तातडीने मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपली चिठ्ठी दि. २१ ऑक्टोबर : "काळ्या काचा, नग ६, सूर्यग्रहणासाठी, तात्पुरत्या."
२) अर्जदाराचे अर्ज दि. २८ ऑक्टोबर, ४ नोव्हेंबर व ११ नोव्हेंबर.
३) आपले उत्तर दि. १४ नोव्हेंबर.
४) श्री. मढवी यांना दिलेली कारणे दाखवा नोटीस दि. १८ नोव्हेंबर.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार आपणास चौथ्यांदा विनंती करतो की :

१. आपल्या कारखान्यात दोन वर्षांपूर्वी प्लाझ्मा कटर हे यंत्र आले. दाबाची हवा आणि वीज यांच्या जोरावर ते अर्धा इंच जाडीचा पत्रा खरवसासारखा कापते. कापताना यंत्राच्या हातात धरायच्या नळीच्या, म्हणजे टॉर्चच्या, तोंडाशी जो उजेड पडतो तो लहानसा सूर्यच असतो, फरक एवढाच की खरा सूर्य नऊ कोटी मैलांवर असतो आणि हा श्री. मढवी यांच्या नाकापासून हातभर. यंत्राबरोबर आलेली माहितीपुस्तिका इंग्रजीत होती. अर्जदार मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला असल्याने त्याच्याकडून तिचे भाषांतर करून घेण्यात आले आणि भाषांतर केले म्हणून त्यालाच कटिंग विभागाचा पर्यवेक्षक करण्यात आले. त्याबद्दल या अर्जात तक्रार नाही.

२. सदर भाषांतरातून सुरक्षेच्या आठ नियमांचा फलक रंगवून घेऊन विभागात लावण्यात आला. श्री. मढवी ते नियम कसे पाळतात याची पर्यवेक्षक या नात्याने अर्जदार ग्वाही देतो. पत्र्याला अर्थिंगचा चिमटा पक्का बसल्याशिवाय ते टॉर्चचे बटण दाबत नाहीत. नोझल बदलायचे झाल्यास आधी मेन स्विच बंद करतात, मग इतरांना ओरडून सांगतात आणि तरीही स्विचपाशी कुणाला तरी उभे करतात. ओल्या फरशीवर उभे राहत नाहीत. थिनरचे डबे आणि तेलकट बोळे दहा हात लांब ठेवतात. बंद पिंप कापायला घेत नाहीत, मग ते कुणाही साहेबांच्या गच्चीवरील टाकीसाठी का असेना. चामड्याचे हातमोजे घालतात, धूर जाण्यासाठी पंखा लावतात. असे एकूण सात नियम झाले. आठवा नियम "काळी काच डोळ्यांसमोर धरल्याशिवाय यंत्र चालू करू नये" असा असून फलकावर तो पहिल्या क्रमांकावर आणि तांबड्या अक्षरांत आहे. विभागात आज एकच काच शिल्लक आहे. ती या फलकावर बसवलेली असून स्वच्छ पारदर्शक आहे.

३. काचा कशा गेल्या याचा खुलासा नोंदीसाठी आवश्यक आहे. दिवाळीच्या आधी, दि. २० ऑक्टोबर रोजी, आपल्या सहीचे एक परिपत्रक निघाले. त्यात "दि. २४ रोजीचे सूर्यग्रहण कोणीही क्षणभरसुद्धा उघड्या डोळ्यांनी पाहू नये, दृष्टी ही अमूल्य देणगी आहे" असे उत्तम मराठीत लिहिलेले होते. (ते अर्जदारानेच तपासून दिले होते.) दुसऱ्याच दिवशी संदर्भ क्र. १ ची चिठ्ठी आली व विभागातील सर्व सहा काचा, म्हणजे तोंडासमोर धरायच्या शील्डवर बसवलेल्या दोन व राखीव चार, ऑफिसात जमा करून घेण्यात आल्या. तेव्हा श्री. मढवी एवढेच म्हणाले, "सायेब, सूर्य येक दिस झाकनार, आपला कटर रोज हाय." हे वाक्य अर्जदाराने त्याच वेळी आपल्या कानावर घालावयास हवे होते. ते घातले नाही, ही अर्जदाराची चूक आहे.

४. दिवाळीची सुट्टी संपून दि. २८ रोजी कारखाना उघडला. ग्रहण तोवर सुटून चार दिवस झाले होते. काचांची सद्यःस्थिती, अर्जदारास चौकशीअंती कळली ती अशी :

(अ) दोन काचा आपल्या निवासस्थानी, बदलापूर येथे गेल्या. ग्रहण आपण सर्वांनी पाहिले. त्यानंतर आपल्या मातोश्री श्रीमती सरस्वतीबाई यांनी, ज्या काचेतून ग्रहण पाहिले ती काच सोवळ्याच्या घरात ठेवता येत नाही असे सांगून, शिळ्या अन्नाबरोबर व निर्माल्याबरोबर त्या उल्हास नदीत सोडल्या. मातोश्रींच्या श्रद्धेबद्दल अर्जदारास आदर आहे. मात्र विसर्जनापूर्वी कंपनीची पोच घेतलेली नव्हती.

(आ) एक काच लेखापालसाहेबांनी विठ्ठलवाडी येथील आपल्या चाळीत नेली. तेथे ती गच्चीवर चौदा खोल्यांमधून हातोहात फिरली. आठव्या खोलीपर्यंतचा माग लागला आहे. तेथील द्रौपदीबाई म्हणतात, "मी बघितलं नि पुढे दिली. पुढच्यांनी मागे का नाही दिली ते त्यांना विचारा." पुढील सहा खोल्या आपापसांत बोलत नाहीत.

(इ) एक काच टंकलेखिका कु. मीनल यांनी प्रामाणिकपणे परत केली. परंतु परत करण्यापूर्वी त्यांच्या आत्याबाईंनी ती शुद्धीसाठी राखेने व काथ्याने तीन वेळा घासली. आता तिच्यातून काहीच दिसत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने ती सर्वोत्तम म्हणावी लागेल.

(ई) दोन काचा संचालकसाहेबांच्या बंगल्यावर आहेत. त्याबाबत विचारणा करण्याचा अर्जदाराचा दर्जा नाही.

५. नव्या काचांसाठी अर्जदार भांडारात गेला. भांडारपाल श्री. लछमनदास यांनी रजिस्टर उघडून दाखवले. "साईं, जुनी जमा करा, नवी घेऊन जा. किताब में तुमच्याकडे सहा नग आहेत. सहा असून सातवी मागता, ऑडिटवाला मला काय बोलेल?" त्यांचेही बरोबर आहे. कु. मीनल यांची घासलेली काच ऑफिसात "अखंड, चालू" अशी जमा झालेली असल्याने ती बदली माल म्हणून घेतली गेली नाही. नदीत गेलेल्या मालाचे काय, असे विचारता ते म्हणाले, "तुकडा आणा. तुकडा पण चालेल." त्यानुसार दि. ५ रोजी, रविवारी, श्री. मढवी स्वतः नदीत कमरेएवढ्या पाण्यात उतरले. चार नारळ, एक तसबीर आणि एक बाटली मिळाली. बाटलीचा तुकडा काचेचा असूनही भांडाराने घेतला नाही.

६. म्हणून अर्जदार उल्हासनगरच्या बाजारात गेला. पहिल्याच दुकानात काळ्या चष्म्यांची परडी भरलेली होती. दुकानदार म्हणाला, "ले जाओ साहेब, एकदम ओरिजिनल ग्रहण का माल. बच गया है." वेल्डिंगला चालेल का, असे विचारल्यावर त्याने अर्जदाराकडे दयेने पाहिले. "साईं, ये एकदा बघायचा माल आहे, रोज बघायचा नाही." अर्जदाराने तो चष्मा लावून पाहिला असता दुकानदाराच्या शर्टाची बटणे मोजता आली. दुकानदार खरे बोलला याची नोंद घ्यावी. या प्रकरणात असे कमी वेळा घडले आहे.

७. दि. ११ च्या अर्जानंतर आपल्या आदेशावरून पर्यायी व्यवस्था म्हणून विभागास एक एक्स-रे फिल्म देण्यात आली. ती टाइम ऑफिसातील श्री. विष्णुपंत यांच्या छातीची आहे. त्यांचा खोकला बरा झाला असल्याने त्यांची हरकत नाही. अशी फिल्म आर्कच्या, म्हणजे कटरच्या विजेच्या ज्योतीच्या, उजेडापासून डोळ्यांचे रक्षण करत नाही, हे पुस्तिकेच्या अकराव्या पानावर आहे आणि अर्जदाराने ते त्याच दिवशी लेखी कळवले होते. तरीही गेला आठवडाभर श्री. मढवी विष्णुपंतांच्या बरगड्यांमधून पत्रा कापत आहेत. सरळ रेषेत कापायचे असेल तेव्हा ते दोन बरगड्यांमधली जागा साधतात. गोल झाकण कापायचे झाल्यास हृदयाच्या सावलीचा आधार घेतात. विष्णुपंत स्वतः रोज डबा खाऊन झाल्यावर येऊन विचारतात, "काय बाळाजी, आज कसा आहे मी?"

८. दि. १४ च्या उत्तरात आपण कळवले की, प्रकरण विचाराधीन असून दरम्यान "कामगाराने एक डोळा मिटून काम करावे व डोळा दिवसाआड बदलावा, जेणेकरून दृष्टीची किमान पन्नास टक्के सुरक्षितता साध्य होईल". या सूचनेची अंमलबजावणी झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवारी उजवा व मंगळवार, गुरुवार, शनिवारी डावा असा तक्ता विभागात लावला. चौथ्या दिवशी श्री. मढवी यांनी दोन्ही मिटले. अर्जदाराने विचारले असता म्हणाले, "मी पत्र्याला बघत नाय, सायेब. पत्राच मना वलखतं."

पत्र्याने त्या दिवशी ओळख दिली नाही. टाकीचे झाकण सव्वा इंच वाकडे कापले गेले.

९. यावरून दि. १८ रोजी श्री. मढवी यांना कारणे दाखवा नोटीस देण्यात आली. तीत त्यांच्यावर दोन आरोप आहेत : एक, मालाचे नुकसान, दोन, "कामाच्या वेळेत डोळे मिटून असणे". दुसरा आरोप खरा आहे. तो आपल्याच दि. १४ च्या आदेशाच्या दुप्पट पालनाचा आहे. नोटिशीचे उत्तर तीन दिवसांत मागितले आहे. ते देण्यासाठी नोटीस वाचावी लागते. श्री. मढवी सातवीपर्यंत शिकलेले असून आजवर पगारपत्रकावर वळणदार सही करत आले आहेत. शनिवारी त्यांनी नोटीस हातात घेतली, डोळ्यांशी नेली, लांब धरली, आणि पोच म्हणून अंगठा दिला. कार्मिक विभागाने तो "निरक्षर" असा शेरा मारून स्वीकारला.

१०. त्याच दिवशी श्री. मढवी यांच्या पत्नी सौ. अंजनी चिखलोलीहून फाटकावर आल्या. त्यांना आत सोडले नाही. त्या बाहेरून जे बोलल्या ते पहारेकऱ्याने नोंदवले नाही, अर्जदार नोंदवतो : "घरान बटाटा भाजीला रायला नाय. सगला चकत्या करून याच्या डोल्यावर. सकालचा उठतंय नि भिंतीला हात लावून मोरीपर्यंत जातंय. तुमी याचं डोलं कंपनीत जमा केलंव ना? मंग पावती द्या. पावती घेऊन जाते मी." अर्जदाराकडे असे पावतीपुस्तक नाही.

११. काल शिरगाव येथील डॉक्टर उमाताई यांच्याकडे अर्जदार श्री. मढवी यांना स्वतः घेऊन गेला. त्यांनी डोळे तपासले, उजव्या डोळ्याकडे बराच वेळ पाहिले आणि कामाचे स्वरूप विचारले. अर्जदाराने ग्रहणापासून सर्व हकीकत सांगितली. त्या हसल्या नाहीत. आठवडाभर संपूर्ण विश्रांती, नंतर योग्य काचेशिवाय एक मिनिटही काम नाही, अन्यथा उजवा डोळा परत येणार नाही, असा दाखला त्यांनी दिला आहे. डाव्याबद्दल त्यांना आशा आहे. आज सकाळी सदर दाखला आपल्या टेबलावर ठेवला असता आपण, टाकीची झाकणे बुधवारी जायची असून मढवी यांनीच ती कापावीत, इतर कोणास हे यंत्र येत नाही, असे तोंडी सांगितले. हे खरे आहे. इतर कोणास येत नाही, कारण शिकवण्यासाठीदेखील काच लागते.

१२. याउपर अर्जदार आपणास कळवू इच्छितो की, आज दुपारी अडीच वाजता त्याने प्लाझ्मा कटर बंद केला आहे. नियमाप्रमाणे प्रथम मेन स्विच खाली केला, विभागात ओरडून सांगितले आणि मग स्विचमधील तीनही फ्यूज काढून घेतले. यंत्रास कोणतीही इजा झालेली नाही. नवे फ्यूज भांडारातून मागवावयाचे असल्यास मागणीपत्रावर कटिंग विभागाच्या पर्यवेक्षकाची सही लागते. पर्यवेक्षक उद्यापासून रजेवर आहे. श्री. मढवी यांचा यात काही संबंध नाही. ते त्या वेळी बाकावर डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून बसले होते आणि काय झाले हे त्यांनी पाहिलेले असणे शक्य नाही.

१३. तरी, श्री. मढवी यांची नोटीस मागे घेण्यात यावी, त्यांस डॉक्टरी रजा पगारी मंजूर व्हावी, आणि विभागास पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाच्या काळ्या काचा, नग दोन, नव्या, कोणतेही ग्रहण न पाहिलेल्या, मिळाव्यात. या कृत्याबद्दल कारवाई करावयाची असल्यास ती अर्जदारावर करावी. नोटीस मराठीत असावी. अर्जदारास अजून वाचता येते.

आपल्या लेखी उत्तराची व काचांची वाट पाहणारा,

आपला नम्र,
(सही)
शशिकांत द. उपासनी, बी.ए.
पर्यवेक्षक, कटिंग विभाग

सोबत :
१) डॉक्टरांचा दाखला (साक्षांकित प्रत).
२) श्री. मढवी यांची नोटीस, अंगठ्यासह (साक्षांकित प्रत).
३) श्री. विष्णुपंत यांच्या छातीचा एक्स-रे, एका ठिकाणी वितळलेला (मूळ).
४) मेन स्विचचा फ्यूज, नग एक (मूळ). उरलेले दोन अर्जदाराकडे असून काचा समक्ष पाहिल्यावर सादर करण्यात येतील.