चिंगीची वाटी

हडपसर, पुणे

शर्मिलाताई, जयभीम.

बाबांना एवढंच वाचून दाखव की मी बरा आहे, वेळेवर जेवतो. त्यांचा गुडघा कसा आहे? पुढचं फक्त तुला.

मागच्या महिन्यात कारखान्यात माझ्यासमोर सोबत्याचा हात मशीनमध्ये गेला. तेव्हापासून नुसतं लोखंड आपटलं तरी मला कापरं भरतं. मग घरमालकिणीचा शेरू येऊन माझ्या पायांवर रेलतो. त्याच्या पाठीवर हात ठेवला की श्वास जागेवर येतो. बाई म्हणतात, “कुत्रा भाड्यात धरलेला नाही, पण असू द्या.”

ताई, सासरच्या आगीतून वाचून तू घरी आलीस, तेव्हा चिंगीला पोटाशी घेतल्याशिवाय तुझा डोळा लागत नव्हता. “मांजराची कसली नाटकं,” म्हणत मीच तिला पोत्यात घालून बाजारापलीकडे सोडून आलो. तुला सांगितलं, पळाली.

मग तू रोज दारात दुधाची वाटी ठेवू लागलीस. चिंगी येऊन जाते असं तुला वाटावं म्हणून मी ती गुपचूप ओतून टाकायचो. कोणत्या तोंडाने माफी मागू?

मी पुण्याला आल्यापासून ती वाटी भरलेलीच राहत असेल. तरी तू मला कधी काही विचारलं नाहीस.

तुझा,
समाधान