पान सत्तेचाळीसवरची मुलगी

प्रिय धाकटे,

आपल्या गल्लीवरचं तुझं पुस्तक येऊन चार महिने झाले, तरी माझ्याकडून अभिनंदनाचं एक अक्षर नाही. बाबांनी दोनदा टोकलं. मी म्हटलं, दुकानात काम फार आहे. काम कसलं? पोटात दुखत होतं, दुसरं काय!

रविवारी सकाळी माणसं गल्लीत शिरतात ती तुझं पुस्तक हातात धरूनच. बंद छापखान्याची कमान बघतात. संपाच्या वर्षी छपाईची अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्यांनी शिशाच्या खिळ्यांच्या, म्हणजे अक्षरांच्या, पेट्या रस्त्यात मांडून मालकाची गाडी अडवली, ती जागा शोधतात. मी आपली दारात बसून पुस्तकांना शिलाई घालत असते. परवा एका बाईंनी न विचारता माझा फोटो काढला आणि मैत्रिणीला म्हणाल्या, "अशी माणसं अजून आहेत हं!" समोरचा शिक्केवाला ओरडला, "ताई, तिकीट लावा आता!" सगळे हसले. मला नाही हसू आलं. पुस्तकं चिकटवायच्या खळीच्या वासाने डोकं दुखतं म्हणून तू अठरा वर्षांपूर्वी गल्ली सोडलीस, आणि त्याच वासावर तू अख्खं प्रकरण लिहिलंस. आता लोक माझ्या दारात उभे राहून खोल श्वास घेतात आणि "वा!" म्हणतात. तो "वा" सुद्धा तुलाच.

हेही मी गिळलं असतं. पण पान सत्तेचाळीस? जुळारीकाका मांडीवर बसवून शिशाच्या उलट्या अक्षरांवर बोट फिरवायला लावायचे, आणि त्यामुळे शाळेत गेल्यावर सुलटी अक्षरंच चुकीची वाटली, असं लिहिलंयस. छान लिहिलंयस, वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. पण ती मुलगी तू नव्हतीस गं. तू तेव्हा पाळण्यात होतीस. गेल्या वर्षी तू वही घेऊन दुकानात बसलीस, माझे हात खळीत होते, आणि जे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं ते तुला सांगत गेले. तू त्यात फक्त "ताई"च्या जागी "मी" घातलंस. विचारलं असतंस तर कदाचित दिलंही असतं.

आता या पत्राचं खरं कारण. गेल्या रविवारी जुळारीकाकांची मुलगी आली. काका गेले, हे तिच्याकडूनच कळलं. तिने पान सत्तेचाळीस उघडलं आणि विचारलं, "ती मुलगी तुम्हीच ना?" मी हो म्हटलं, आणि ते खरंच होतं. मग तिने पेन पुढे केलं. आपले चेहरे सारखे, तिला वाटलं मीच लेखिका. आणि मी, धाकटे, तुझ्या नावाने सही केली. चांगली झोकदार. माझ्या गळ्यात पडून ती रडली, आणि ते रडणं मी तुझ्या नावावर घेतलं. तेव्हापासून घास गोड लागत नाही. येत्या शनिवारी ती काकांची जुळणीची पट्टी, ज्यात ते अक्षरं लावायचे ती, मला द्यायला येणार आहे. तू ये. दोघी मिळून तिला खरं सांगू, तुझं तू, माझं मी. मला एकटीला तोंड उघडायचा धीर नाही, आणि तुलाही नसणार, ओळखते मी तुला.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
ताई