चौदा मैलांचा बेत

सोमवार, १० फेब्रुवारी १९४७

ट्रक मिळणार नाही! लालासाहेब सुपरवायझर तोंडावर म्हणाले, "पेट्रोल रेशनचं हाय, बाई. रोज सुरुंगाच्या वक्ताला ट्रक नुसता हुबा ठेवू? आन् कुनाला लागलंय का अजून?"

अजून लागलं नाही म्हणूनच तर विचारते आहे! घाटरस्त्याचं काम. सव्वाशे माणसं. रोज दुपारी दहा-बारा सुरुंग. नर्स मी एकटी — एक तंबू, एक कपाट. साताऱ्याचा दवाखाना चौदा मैल.

१२ फेब्रुवारी

ट्रक नाही, तर माणसं. दोन बांबू आणि गोणपाटाची डोली केली. सहा-सहा जणांच्या चार टोळ्या, मैलागणिक खांदा बदलायचा. झाडाला रुळाचा तुकडा टांगलाय. तीन टोले पडले की हातातलं टाकून धावायचं.

पाटीवाल्या बायकांची म्होरकी तानुबाई. पन्नाशीची, काटक. तिला भीत भीत विचारलं, बायका येतील का डोलीला? कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आवं, दिसभर धोंडं व्हातो आमी. मानूस जड हुतोय व्हय?"

१४ फेब्रुवारी

पहिली तालीम. फजिती! जखमी म्हणून आकारामला निजवलं. हा खडकात पहारीनं भोकं पाडणारा, सहा फुटी गडी. पडल्या पडल्या "मेलो, मेलो" ओरडायला लागला, लोक हसून बेजार. गोणपाट फाटलं. डोली हलायला बावीस मिनिटं लागली.

"बावीस मिनिटांत अंगातलं रक्त संपतं!" मी किंचाळलेच. मग कुणी हसलं नाही.

१९ फेब्रुवारी

सात मिनिटं! आज जेवण गोड लागलं.

२० फेब्रुवारी

कालचा एक सुरुंग उडाला नाही, असं आकाराम म्हणतो. बार लावले बारा, त्यानं आवाज ऐकले अकरा. लालासाहेब म्हणतात, "दोन बार संगट वाजलं असत्याल." मी खूप भांडले. शेवटी दोन माणसं पाठवून खडक बघून घेतला. काही सापडलं नाही. आकारामही म्हणाला, "माझाच कान चुकला असंल, बाई."

तरी मनातून जात नाही.

२१ फेब्रुवारी

आज लिहवत नाही.

२२ फेब्रुवारी

त्याचा कान चुकला नव्हता.

काल सकाळी त्यानं पहार घातली आणि तोच बार उडाला. आकारामचा उजवा पाय गुडघ्याखाली फाटला. रक्ताची चिळकांडी. मांडीला पट्टा आवळला, रक्त थांबलं. डोली हजर — सहा मिनिटांत! मी पिशवी उचलली. इतक्यात हाक आली, "तानुबाई पडली!" डोक्यात धोंडा लागलेला. बेशुद्ध, श्वास अडकत होता.

माझ्या सगळ्या बेतात जखमी एकच होता. आणि डोलीबरोबर नेहमी मीच चालत होते.

तानुबाईला सोडून जाता येईना. ट्रक कराडला गेलेला. डोली उचलणाऱ्यांना ओरडून सांगितलं, "पट्ट्याला कुणी हात लावायचा नाही! सुटला तर मरेल!" गेले ते. लालासाहेबांनी स्वतः पुढचा बांबू धरला.

तानुबाईनं संध्याकाळी डोळे उघडले. पाणी मागितलं.

२४ फेब्रुवारी

आकाराम जिवंत आहे! पाय मात्र मांडीतून कापला.

लालासाहेब परत आले. चौदाही मैल त्यांनी खांदा बदलला नाही म्हणतात. पायांना फोड. तंबूच्या दाराशी उभे राहिले, मान खाली. "बाई, ट्रक आता हितंच हुबा ऱ्हाईल."

१ मार्च

डॉक्टरांची चिठ्ठी. चारच ओळी. जखमेनं पाय गेला नसता, पट्ट्यानं गेला. साडेचार तासांत तो एकदाही सैल केला नाही. दर अर्ध्या तासाला सोडून पुन्हा बांधायचा असतो, हे नर्सला ठाऊक नव्हतं काय?

ठाऊक होतं! परीक्षेत लिहिलं होतं मी. वाटेत मीच सोडणार होते ना. दुसऱ्या कुणाला शिकवलंच नाही.

३ मार्च

लोक रस्त्यात थांबून हात जोडतात. "बाईंनी मानूस वाचिवला." कुणाला सांगितलेलं नाही. चिठ्ठी कपाटात आहे.

५ मार्च

आकारामची बायको बनुबाई आली. पाया पडायला वाकली, तेव्हा राहवलं नाही. सांगून टाकलं — पाय माझ्यामुळं गेला.

ती उठून समोर बसली. मग म्हणाली, "वाटंत पाय लय ठनकाय लागला, तवा लालासाहेब पट्टा ढिला कराय लागलं हुतं. ह्येंनीच त्येंचा हात धरला, बाई. म्हनलं, न्हाई — बाईंनी सांगितलंय."