तो ‘मी’ कुणाचा?

प्रिय तालिता,

तू ऑकलंडला परत गेल्यापासून घर मोठं वाटतंय. काळी डुकरीण व्याली, पिल्लं चुलीजवळच लोळतात. लेउता आत्या अजून मला चिडवते, “वहिनी, लेक सुट्टीला आली होती की नोकरीला?” मी काय सांगणार? तुझे बाबा समुद्रावरून आले की होडी वाळूवर ओढतात आणि काम तिथंच राहतं. तुझं काम मात्र कमरेला खोचलेलं. नारळ खवता खवता फोन वाजला, की लुंगीला हात पुसत तू नीरफणसाखाली पळायचीस. आपल्या घराला भिंती नाहीत, त्यामुळे ऐकू यायचंच.

पहिल्याच दिवशी तू इंग्रजीत म्हणालीस, “माझ्या छातीत गाठ आहे. घरी सांगितलेलं नाही.” तेवढं इंग्रजी मला कळतं. मी खवणी टाकून धावले, तुला धरलं, तर तू ओठांवर बोट ठेवून मला लांब सारलंस. नंतर हसलीस. “अगं आई, ती तिकडच्या दवाखान्यातली बाई. तिचं आपल्या सामोअन भाषेतलं बोलणं मी डॉक्टरला इंग्रजीत सांगते. दुभाष्यानं ‘ती म्हणते’ म्हणायचं नसतं, ‘मी’च म्हणायचं.” मला ते पटलं नाही, पण पाठ झालं. मग कधी तुझा पाय मोडला, कधी तुझा मुलगा तुरुंगात गेला, आणि लगेच तू पानावर येऊन मीठ मागायचीस. कोण उठून गेलं आणि कोण परत आलं, मला कळेनासं व्हायचं. संध्याकाळच्या प्रार्थनेतून उठलीस, तेव्हा बाबांनी डोळे न उघडता नुसता उसासा टाकला.

निघायच्या आदल्या दिवशी न्हाणीच्या आडोशाला तू एकटीच कपडे पिळत होतीस. आपल्याच भाषेत म्हणत होतीस, “मला भीती वाटते. मला त्या घरी परत जायचं नाही.” काम चाललंय म्हणून मी पावलं न वाजवता मागं फिरले. चुलीपाशी आल्यावर ध्यानात आलं, तुझा फोन माझ्याच हातात होता. तो वाजून थांबला म्हणून तुला द्यायलाच मी निघाले होते.

तेव्हा विचारलं नाही. वाटलं, कुणा बाईचे शब्द तोंडात राहून गेले असतील. तसं होतं का गं? इथून दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तावितानं उचलला. “ती कामात आहे,” म्हणाला. जावई माझ्याशी नेहमी गोडच बोलतो, म्हणून तर मला काहीच उमगत नाही. चर्चच्या पाळकांची बायको तिकडं मुलाकडे जाऊन येणार आहे, हे पत्र ती तुझ्याच हातात देईल. ते शब्द दुसरीचे असतील तर एक ओळ लिही, आई वेडी आहे म्हण. तुझे असतील तर लिहीत बसू नकोस. तिच्याबरोबरच निघून ये. तिला मी सांगून ठेवलंय.

तुझीच,
आई